ऑनलाइन वंशावळीत सापडलेले पणजोबा खरे कशावरून?

आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या दिवाळीत न्यू जर्सीच्या चुलतभावाने एक लिंक टाकली, खाली लिहिलं, "आपली १४ पिढ्यांची वंशावळ सापडली!!" झालं, नमस्काराचे हात, फुलं, "अभिमान वाटतो", "प्रिंट काढून फ्रेम करूया", धडाधड सुरू. मीही उघडली, उत्सुकता कोणाला नसते, आणि आधी थेट पणजोबांच्या, म्हणजे रामचंद्रांच्या, चौकटीवर गेले. जन्म १७९५, मृत्यू १९४१. म्हणजे पणजोबा १४६ वर्षं जगले. ग्रुपवर त्रेसष्ट माणसं, त्यात दोन सीए, पण वजाबाकी एकानेही केली नव्हती.

घोळ काय होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. ही वंशावळ आमच्या घराण्याच्या जुन्या कुलवृत्तांतावरून, म्हणजे घराण्याच्या माहितीच्या छापील पुस्तकावरून, टाइप केलेली होती. पुस्तकात पणजोबांच्या नावापुढे छापलंय "ज. श. १७९५". 'ज.' म्हणजे जन्म आणि 'श.' म्हणजे शके. टाइप करणाऱ्याने 'श.' खाल्ला आणि १७९५ तेवढा ठेवला. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, १७९५ अधिक ७८ म्हणजे १८७३. पणजोबा गेले तेव्हा सदुसष्ट-अडुसष्टचे असतील, साधी गोष्ट.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच वेबसाइटवर शोधलं तर आमच्याच घराण्याची अजून सात झाडं निघाली, वेगवेगळ्या नातेवाईकांनी केलेली, आणि सातही ठिकाणी १७९५! त्यातल्या तिघांना १४६ वर्षं बहुतेक खटकली असणार आणि १८७३ हे साल त्यांना कुठून तरी कळलंही असणार, पण त्यांनी दुरुस्ती काय केली, तर एक अख्खा माणूस नवीन तयार केला. १७९५ वाले रामचंद्र हे वडील आणि १८७३ वाले रामचंद्र हे त्यांचे चिरंजीव. चौदाच्या पंधरा पिढ्या झाल्या. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, मुलाला बापाचंच नाव हे अगदी विरळा, त्यामुळे "रामचंद्र रामचंद्र" असं दिसलं की मराठी माणसाचा हात कपाळाला जायला हवा. कॉम्प्युटरला ते कसं कळणार, त्याच्या दृष्टीने बाप ७८ वर्षांनी मोठा, थोडं जास्त आहे पण अशक्य नाही.

तर "आठ झाडांत तेच लिहिलंय म्हणजे खरंच असणार", ही ऑनलाइन वंशावळीतली सगळ्यात मोठी फसगत. तिथे आठ साक्षीदार नव्हतेच, साक्षीदार एकच होता (तो पण डुलकी लागलेला) आणि बाकी सात झेरॉक्स. म्हणून कुठलीही नोंद दिसली की किती जणांनी लिहिलंय ते मोजायचंच नाही. पहिल्यांदा कोणी लिहिलं आणि त्याला कुठून कळलं, एवढं विचारायचं.

आता या साइट्स चालतात कशा ते थोडक्यात, कारण चूक पसरते ती त्यांच्या रचनेमुळे. दोन प्रकार आहेत. अ‍ॅन्सेस्ट्री, मायहेरिटेज अशा ठिकाणी प्रत्येकाचं झाड वेगळं असतं, पण साइट तुम्हाला सारखी सुचवत राहते की अमुक माणूस दुसऱ्या एका झाडातही दिसतोय, माहिती घेऊ का? एक क्लिक केलं की त्याच्या झाडातली दहा माणसं तुमच्या झाडात. हे सुचवणं नाव, साल, गाव जुळवून होतं आणि बऱ्याचदा ते दुसऱ्याचं झाडच असतं, कागद नसतो. लोकांना मात्र वाटतं की "साइटने कन्फर्म केलं". साइटने काहीही कन्फर्म केलेलं नसतं हो.

दुसऱ्या प्रकारात सगळ्या जगाचं मिळून एकच झाड असतं. २००७ मध्ये सुरू झालेलं आणि २०१२ पासून मायहेरिटेजच्या मालकीचं जेनी, विकीट्री, आणि मॉर्मन चर्चचं फुकट असलेलं फॅमिलीसर्च, ही यातली मोठी नावं. इथे एका माणसाचं एकच पान असावं अशी कल्पना असते, म्हणून दोघांनी एकाच आजोबांची दोन पानं केली असतील तर ती मर्ज करतात. कल्पना चांगली आहे. पण दोन वेगळे गोविंदराव एकत्र शिवले गेले की त्या एका पानावर चार बायका, सतरा मुलं आणि एकाच वर्षी दोन वेगळ्या गावांत जन्मलेली भावंडं असं काहीतरी भयंकर दिसायला लागतं, आणि ते उसवणं शिवण्यापेक्षा दसपट किचकट. विकीट्रीवर म्हणून १७०० च्या आधीच्या माणसांच्या पानांना हात लावायचा तर आधी एक छोटी चाचणी द्यावी लागते आणि १५०० च्या आधीच्यांना त्याहून कडक अट. जेनीवर क्युरेटर म्हणून स्वयंसेवक असतात, ते प्रसिद्ध माणसांची पानं सांभाळतात. आपल्या पणजोबांना अर्थातच कोणी क्युरेटर नसतो.

एकच झाड असलेल्या साइटवर प्रत्येक पानाला बदलांचा इतिहास असतो, तो उघडायचाच. नाव कोणी घातलं, कधी घातलं, नंतर कोणी बदललं, सगळं दिसतं. प्रत्येकाचं झाड वेगळं असलेल्या साइटवर निदान आधार कुठला दिलाय ते तरी दिसतं. पुरावा म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी झाडाची लिंक लावलेली असेल तर ती धरायची शून्य. झाडाला झाडाचा पुरावा म्हणजे मी म्हणते म्हणून खरं, आणि मी का म्हणते तर ती म्हणते म्हणून.

मराठी घरांच्या ऑनलाइन झाडांचं मूळ शोधत गेलं की बऱ्याचदा आपण कुलवृत्तांतापाशी पोचतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एकेका आडनावाच्या सगळ्या शाखांची माहिती गोळा करून छापलेलं जाडजूड पुस्तक, विसाव्या शतकात अशी बरीच निघाली, कोकणातल्या घराण्यांची जास्त. त्या माणसांनी पत्रं पाठवून, गावोगाव हिंडून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून हे काम केलंय, त्यांना माझा खरंच नमस्कार आहे. पण पुस्तक वाचताना हे लक्षात ठेवायचं की संपादकाला पत्र लिहिणाऱ्या काकांना स्वतःचे वडील, आजोबा, फार तर पणजोबा नीट माहीत असणार. त्याच्या वरचं सगळं ऐकीव, नाहीतर कुठल्यातरी जुन्या कागदावरून उतरवलेलं. पुस्तकात मात्र दोन्हीचा ठसा एकाच जाडीचा, कालचा नातू आणि तीनशे वर्षांपूर्वीचा मूळपुरुष एकाच टायपात. आणि बायकांचं तर विचारूच नका, आमच्या पुस्तकात माझ्या आत्याच्या जागी "कन्या १" आहे. बहुतेक जणींचं एकच नाव दिलेलं असतं, ते माहेरचं की सासरचं याचा पत्ता नसतो, कारण लग्नात नाव बदलायचे, त्यामुळे एकच बाई दोन झाडांत दोन नावांनी जगत असते आणि कुठलंच सॉफ्टवेअर त्या दोघींना जुळवू शकत नाही.

मग खरं-खोटं करायचं कसं? माझी पद्धत अशी, की मी माणूस तपासत नाही, सांधा तपासते. रामचंद्र नावाचा माणूस होता हे सिद्ध करणं सोपं असतं, पण तो *याच* गोविंदाचा मुलगा होता हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि वंशावळ म्हणजे तरी काय, सांध्यांचीच तर साखळी. चौदा पिढ्यांत तेरा सांधे, त्यातला एक निखळला की वरचे सगळे पूर्वज दुसऱ्याच कोणाचे. म्हणून मूळपुरुषापासून खाली यायचं नाही (सगळ्यांना तोच मोह होतो, वर कोणीतरी सरदार बसलेला असतो), स्वतःपासून एकेक पायरी वर जायचं आणि जिथे कागद संपेल तिथे थांबायचं.

यात आपल्या नावांची पद्धत फार कामाला येते. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जिथे पूर्ण नाव सापडतं तिथे एक सांधा फुकटात मिळतो, ही सोय इंग्रजांच्या जॉन स्मिथला नाही. आडनावावर मात्र भिस्त ठेवू नका. कुलकर्णी, पाटील, देशपांडे, जोशी ही कामाची नावं, गावोगाव वेगळी घराणी. गावावरून पडलेलं -कर आडनाव तर गाव सोडल्यावर लागतं, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात आणि एकाच आडनावाच्या दोन शेजाऱ्यांचा काडीचा संबंध नसू शकतो. गोत्र जुळलं म्हणून नातं जुळलं असंही नसतं. आणि नातवाला आजोबांचं नाव या पद्धतीमुळे गोविंद रामचंद्र, रामचंद्र गोविंद, परत गोविंद रामचंद्र अशी माळ तयार होते, त्यातली एखादी जोडी गळते नाहीतर दोनदा धरली जाते, आणि वाचताना सगळं बरोबरच वाटतं.

आता कागद. प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे, कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, आणि कशासाठी लिहिला. एकच कागद एका गोष्टीसाठी सोन्यासारखा आणि दुसऱ्या गोष्टीसाठी कवडीमोल असू शकतो. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे १ जून. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण पोराला शाळेत घालायला आणलं तेव्हा जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती, मग गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने वय बसवून १ जून ठोकून दिली. शाळेच्या दाखल्यावर ही तारीख असते, सरकारी शिक्का असतो, पण जन्माचा पुरावा म्हणून ती गुरुजींची कल्पनाशक्ती. तोच दाखला बापाचं नाव, गाव, जात याला मात्र चांगला, कारण पोराचा हात धरून जो आला त्यानेच ते सांगितलेलं असतं. तेव्हा ऑनलाइन झाडात १ जून दिसला की तारीख सोडून द्यायची, सालसुद्धा अंदाजे धरायचं.

जन्म-मृत्यूची नोंद सगळ्या देशात सारख्या कायद्याने सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. त्याआधी गावात कोतवाल बुक असायचं, म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल जन्म-मृत्यू सांगायचा आणि त्यात लिहिलं जायचं. बऱ्याचदा बाळाचं नाव नसतंच, अमक्याला मुलगा झाला एवढंच, बारसं व्हायचं असतं ना अजून. पण घटनेनंतर लगेच लिहिलेलं असल्यामुळे तारखेला हे दाखल्यापेक्षा खूप वजनदार. यातली बरीच पानं जुन्या मोडी लिपीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला तो यामुळेच, आणि तेव्हापासून वंशावळ हा शब्द चहाच्या टपरीवर पण ऐकू यायला लागला. त्या कामासाठी, म्हणजे कुणबी दाखल्यासाठी, वंशावळ जोडायची असेल तर एक लक्षात घ्या, वेबसाइटचा प्रिंटआउट तिथे काही कामाचा नाही, तिथे प्रत्येक सांध्याला महसुली नाहीतर शाळेचा जुना कागद लागतो, आणि ओबीसीला जातीचा पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा.

माझा स्वतःचा सगळ्यात लाडका कागद म्हणजे फेरफार. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण सातबाऱ्यावर नाव का आणि कसं चढलं ते फेरफारात असतं. खातेदार वारला की वारसांची नावं, नातं, बऱ्याचदा वयंसुद्धा, आणि खाली सही किंवा अंगठा. म्हणजे एका कागदात मृत्यूचं साधारण साल आणि पुढची अख्खी पिढी. जुने स्कॅन केलेले फेरफार आता महाभूमीच्या 'आपले अभिलेख' वर बऱ्याच तालुक्यांचे घरबसल्या मिळतात, थोडे पैसे भरून, आणि सर्व्हर चालू असला तर. पण इथेही तिसरा प्रश्न विसरायचा नाही, कशासाठी लिहिला? जमिनीसाठी. आमच्या पणजोबांच्या पश्चात झालेल्या फेरफारात तीन मुलगे आहेत, विधवा आहे, आणि दोन मुलींचा पत्ताच नाही, कारण तेव्हा मुलींना वारस म्हणून कोणी धरतच नव्हतं (१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीची गोष्ट). ग्रुपवरच्या एका भावाने तर यावरून निष्कर्षही काढला की "दोघी लहानपणीच गेल्या असणार". त्यातली एक सत्याऐंशी वर्षं जगली, मी तिच्या हातचे घारगे खाल्लेत.

दुसरा भारी कागद म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार, जिथे आपले लोक दिवस करायला, अस्थी घेऊन जात तिथे त्या त्या गावाच्या, आडनावाच्या वह्या ठरलेल्या उपाध्यांकडे असतात. फॅमिलीसर्चवर हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या काही वह्यांचे फोटोसुद्धा आहेत, पण मी त्र्यंबकला स्वतः गेले. गुरुजींनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग आत जाऊन लाल फडक्यात बांधलेली लांबट वही आणली आणि पाच मिनिटांत पान काढलं. शाई तपकिरी पडलेली, वरच्या ओळी मोडी, खालच्या बालबोध (देवनागरी). शके १८३२ ची नोंद, रामचंद्र गोविंद, वय ३७, सोबत दोन भाऊ, वडिलांच्या क्रियेला आले. खाली सही, थरथरती नाही, चांगली ठसठशीत. १८३२ मध्ये ७८ मिळवा, १९१०. त्यातून ३७ वजा करा, १८७३. कुलवृत्तांताशी ज्याचा काही संबंध नाही अशा जागी, खुद्द पणजोबांनी सांगितलेलं वय पुस्तकातल्या शकाशी बरोबर बसलं, आणि मुलगा स्वतः वडिलांचं नाव लिहितोय म्हणजे गोविंद-रामचंद्र हा सांधाही पक्का. याला म्हणतात दोन स्वतंत्र साक्षीदार. मात्र त्याच पानावर पणजोबांनी आजोबा-पणजोबांची नावंही सांगितली होती, ती त्यांची ऐकीव, तिथे मी पेन्सिलनेच लिहिलं.

तारखांचं एकदा नीट सांगते कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. शकात ७८ मिळवायचे हे खरं, पण शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून १ जानेवारी ते पाडवा या काळातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य ३ शके १५५१, जेधे शकावलीतली. सरळ ७८ मिळवले तर १६२९ येईल, पण फाल्गुन म्हणून १६३०, १९ फेब्रुवारी १६३०. विक्रम संवत असेल तर उलट, ५७ वजा करायचे (कधी ५६), गुजरातकडच्या आणि काशीच्या कागदांत तो दिसतो. फसली सन (शेतसाऱ्याचं वर्ष) असेल तर दख्खनमध्ये ५९० मिळवायचे, आणि पेशवाईच्या कागदांत सुहूर सन येतो तो तर अक्षरांत, "सलास मया व अलफ" म्हणजे तीन, शंभर आणि हजार, ११०३, त्यात ५९९ मिळवले की १७०२. ही दोन्ही वर्षं जूनच्या सुमारास बदलतात, त्यामुळे पुढच्या जानेवारीनंतरच्या नोंदीला आणखी एक मिळवायचा. म्हणून ऑनलाइन झाडात आपल्या माणसाचं साल १७५० ते १८५० च्या आसपासचं असेल आणि खालच्या पिढीशी बसत नसेल तर आधी ७८ मिळवून बघा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं.

मोडीचं पण एक. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. वाचणारा अंदाजाने शब्द तोडतो, आणि गावाची नावं ठाऊक नसलेल्या माणसाने वाचलं तर गावाचा माणूस होतो. म्हणून नुसतं लिप्यंतर दिलं असेल तर मूळ पानाचा फोटो मागायचाच. देत नसतील तर त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह.

आणि दत्तक. हा मुद्दा ऑनलाइन झाडांत सगळ्यात वाईट हाताळला जातो. बडोद्याचे सयाजीराव महाराज तिसरे घ्या, जन्म १८६३, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, मूळ नाव गोपाळराव, १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. त्यांचे वडील कोण? रक्ताने काशीराव, गादीने खंडेराव. दोन्ही बरोबर, पण एक चौकट आणि एक रेघ एवढंच ज्याला कळतं अशा झाडात कोणीतरी एक पुसला जातो. साध्या घरांतही हे सर्रास व्हायचं, निपुत्रिक काकाला पुतण्या दत्तक, मग वतनाच्या कागदात तो काकाचा मुलगा आणि वहीत कदाचित जन्मदात्याचा. दोन चांगले कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर लगेच एकाला खोटं पाडू नका, आधी दत्तक झालं होतं का ते विचारा, मग दुसरं लग्न झालं होतं का ते विचारा. पहिली बायको बाळंतपणात जायची, दुसरी यायची, आणि झाडात सगळी मुलं एकीच्याच नावावर.

जुना कागद म्हणजे खरा असंही नाही बरं का. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनामांचे हक्क तपासणारं इनाम कमिशन बसलं आणि वतनदारांना आपला हक्क सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा सनद मिळालेल्या पूर्वजापासून आपल्यापर्यंत सरळ रेघ दाखवण्यात घराण्याचा रोकडा फायदा होता. त्या वेळच्या वंशावळी अस्सल कागदावर, अस्सल शाईत आहेत, तरी त्या सावधपणेच वाचायच्या. दगडावर कोरलेलं तरी? तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा भला मोठा मराठी शिलालेख आहे, सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. बघून ऊर भरून येतो, पण मालोजीराजांचा काळ १६०० च्या आसपासचा, म्हणजे कोरणारा घटनेपासून दोनशे वर्षं लांब. १८०३ साली तंजावरचे राजे स्वतःच्या घराण्याबद्दल काय मानत होते याचा तो पक्का पुरावा आहे, सतराव्या शतकात काय घडलं याला मात्र दुसरा आधार शोधावाच लागतो.

मुद्दाम केलेली लबाडीही असते, आणि ती फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत गुस्ताव अंजू नावाचा एक गृहस्थ होऊन गेला, १९४२ मध्ये वारला, पैसेवाल्या घराण्यांना हवी तशी भारदस्त वंशावळ करून द्यायचा, खरे कागद आणि खोटे कागद बेमालूम मिसळून. त्याने घुसडलेले पूर्वज अजून ऑनलाइन झाडांतून फिरतायत. आपल्याकडचं त्याचं रूप म्हणजे साध्या शेतकरी घराची रेघ चौथ्या-पाचव्या पिढीत अचानक एखाद्या इतिहासप्रसिद्ध सरदाराला जाऊन मिळते. ती जिथे मिळते तो एकच सांधा तपासा, बाकी वेळ वाया घालवू नका.

कागद हाताशी नसेल तर नुसत्या आकडेमोडीने बरंच गाळता येतं. एक पिढी साधारण २५ ते ३० वर्षांची धरतात, म्हणजे चौदा पिढ्या साडेतीनशे ते चारशे वर्षं. कोणी शिवकाळापासून सत्तावीस पिढ्या सांगत असेल तर निम्मे भाऊ बाप म्हणून मोजले गेलेत. पण सॉफ्टवेअरचा लाल इशारा दिसला म्हणून नोंद उडवू नका, आई चौदाव्या वर्षी बाळंत झाली याला साइट चूक म्हणते, आपल्याकडे १८९० मध्ये ते चालत होतं. मुलींच्या लग्नाचं वय निदान चौदा असावं म्हणणारा शारदा कायदासुद्धा १९२९ चा. उलट बावन्नाव्या वर्षी बाळंतपण दिसलं तर बहुधा ते सुनेचं मूल असतं.

डीएनए टेस्टचं सगळे विचारतात. जवळच्या नात्याला ती उत्तम, सख्ख्या चुलतभावंडांत साधारण साडेबारा टक्के जुळतं, पण पुढे ते भराभर कमी होतं, चौथ्या पायरीच्या चुलतभावंडांत (पणजोबांचे आजोबा एक असलेल्या) निम्म्या वेळा काहीच जुळत नाही. शिवाय मामेबहिणीशी लग्न, जातीतच लग्न हे पिढ्यानपिढ्या चालल्यामुळे आपले आकडे फुगतात आणि लांबचा नातेवाईक जवळचा दिसतो. चौदाव्या पिढीचा निकाल डीएनए लावणार नाही.

आणि हो, दुरुस्त्या करताना जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव असलं उघड्यावर टाकू नका, बँकवाले तेच विचारतात.

आमच्या झाडाचं पुढे काय झालं तर, मी वहीच्या पानाचा फोटो, फेरफाराची प्रत आणि कुलवृत्तांताचं "ज. श." असलेलं पान तिन्ही पणजोबांच्या पानाला जोडली. न्यू जर्सीच्या भावाने लगेच १८७३ केलं, दोन मुली जोडल्या, नावांसकट. वरच्या नऊ पिढ्यांपुढे आम्ही "कुलवृत्तांतावरून, स्वतंत्र पुरावा नाही" असं लिहून टाकलं, त्यावर एक काका रागावले, फ्रेम करायला दिली होती त्यांनी. इतर सात झाडांच्या मालकांना मेसेज टाकले, तिघांनी बदललं, एकाने थँक्यू म्हटलं, बाकीच्यांचा पत्ता नाही. आणि ते जे कधी जन्मलेच नाहीत ते १७९५ वाले थोरले रामचंद्र, त्यांना परवा कोणीतरी फोटोही लावलाय. पगडी, भरघोस मिशा, रंगीत.